कोण कोणाला भारी?

गरम ऑक्झॅलिक आम्लात ब्युरेटमधून, म्हणजे थेंब थेंब सोडायच्या तोटीच्या नळीतून, जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटचा पहिला थेंब पडला, की तो जरा रेंगाळतो. जांभळा डाग तसाच दिसत राहतो आणि मग विरतो. पुढचे थेंब मात्र पडताक्षणी गायब. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी खूश झाले होते. दुसऱ्या खेपेला सल्फ्युरिक आम्ल घालायचं विसरले आणि शंकुपात्रात गढूळ, तपकिरी चहासारखं काहीतरी तयार झालं. परमँगनेट तेच, बाटली तीच. आम्लात त्याचा एक आयन पाच इलेक्ट्रॉन हिसकावतो. आम्ल कमी पडलं की तिनावरच समाधान मानतो आणि मँगनीज डायऑक्साइडचा गाळ मागे ठेवतो.

ऑक्सिडकांची, म्हणजे दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन हिसकावणाऱ्यांची, ताकद व्होल्टमध्ये मोजायचा तक्ता तोपर्यंत मला गुणवत्ता यादीसारखा वाटायचा. फ्लुओरीन 2.87 व्होल्टवर पहिला, मग ओझोन 2.07, क्लोरीन 1.36, ब्रोमीन 1.07, आयोडीन 0.54. शून्य हायड्रोजनचं, तेही आपणच ठरवलेलं, उंची समुद्रसपाटीपासून मोजतो तसं. हॅलोजनच्या घरात, म्हणजे फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन या भावंडांत, ही यादी चोख चालते. पोटॅशियम ब्रोमाइडच्या रंगहीन द्रावणात क्लोरीनचं पाणी ओता, ते पिवळं-नारिंगी होतं. आयोडीन घाला, ब्रोमाइड ढिम्म.

घराबाहेर पडलं की घोळ. हायड्रोजन पेरॉक्साइडचा आकडा 1.78, आम्लातल्या परमँगनेटचा 1.51. म्हणजे पेरॉक्साइडच भारी, असं मी धरून चालले होते. दोघांना एकत्र केलं तर परमँगनेटचा रंग उडाला आणि फसफसून ऑक्सिजनचे बुडबुडे आले. इलेक्ट्रॉन पेरॉक्साइडनेच दिले होते! त्याचे 1.78 हे स्वतःचं पाणी होतानाचे. ऑक्सिजन होताना त्याच्या वाट्याला साधारण 0.7 चा आकडा येतो, आणि तिथे परमँगनेट सहज वरचढ ठरतं. मी तक्त्यातली चुकीची ओळ वाचत होते, इतकंच.

परसल्फेट या आणखी एका ऑक्सिडकाची तऱ्हा आणखी निराळी. आकडा 2.01, म्हणजे परमँगनेटलाही खाली बसवणारा. पण मँगनीजच्या क्षाराच्या थंड द्रावणात घातलं, तर नुसतं बसून राहतं. सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचे, जरा तापवायचं आणि वाट बघायची. मघापर्यंत पाण्यासारखं दिसणारं द्रावण हळूहळू गुलाबी होतं, मग जांभळं. ब्युरेटमध्ये असतं तेच, परमँगनेटचं जांभळं.