डाव्या चाकातली चिमणी

दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला आणि दुसऱ्याच दिवशी तिला कंठ फुटला. कॉलनीच्या गेटपाशी गतिरोधक आहे. त्यावर पुढची चाकं चढली की कुईं, उतरली की क्विच. वेगात असताना काही नाही. पण साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरच्या गर्दीत मुंगीच्या पावलांनी सरकताना असा आवाज, की शेजारच्या रिक्षावाल्याने वाकून चाकाखाली बघितलं. आमचे वॉचमनकाका तर आवाजावरच गेट उघडायला लागले. "मॅडम, तुम्ही वळणावर आलात की कळतं," असं म्हणाले, तेही कौतुकाने.

गाडी २०१२ सालची. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण यात तिचा काही दोष नाही.

गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या मुलाने बॉनेटवर दोनदा हात दाबला आणि निकाल दिला, "शॉकअप गेलेत. जोडीच टाकावी लागेल." शॉकअप म्हणजे धक्के जिरवणारे शॉक अब्सॉर्बर. साडेसहा हजार. गाडी वर उचललीसुद्धा नाही. मी "घरी विचारून सांगते" म्हटलं आणि निघाले. हे वाक्य दुकानदारासमोर फार उपयोगी पडतं. या वेळी मात्र खरंच विचारायचं होतं, कारण घरी आबा, म्हणजे माझे वडील, आहेत. एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढलेली, आता चौऱ्याहत्तर वय, गुडघे गेलेले, कान शाबूत.

आबांनी खुर्ची पार्किंगमध्ये मागवली. बॉनेटच्या कोपऱ्यावर जोर देऊन सोडायला लावलं. गाडी खाली गेली, वर आली आणि तिथेच थांबली. "शॉकअप गेला असता तर होडीगत डुलली असती," आबा म्हणाले. मी टॉर्चने शॉकअपची नळी बघितली. तेल गळलेलं असेल तर धूळ चिकटून काळी चिखलपट्टी बसते. इथे साधी कोरडी धूळ. साडेसहा हजार तिथल्या तिथे वाचले.

"आता आवाज कुठला ते बघ. खटखट असली तर काहीतरी ढिलं असतंय. कुईकुई असली तर काहीतरी घासतंय. दोन्हीची भांडणं वेगळी."

रविवारी सकाळी साडेसहाला बसलो, कारण त्या वेळी ना मिक्सर चालू असतात ना दुचाक्या. लेकाला उठवलं, तो तोंड वाकडं करत आला. गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना विटा. पुढून जॅक लावला आणि घोडी (गाडी पेलणारा लोखंडी स्टँड) सरकवून गाडी तिच्यावर टेकवली. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घातला की आबा खुर्चीतून ओरडतात. त्यांनी वर्कशॉपमध्ये जॅक सरकलेला बघितलाय, त्याबद्दल ते जास्त बोलत नाहीत.

चाक वरखाली धरून हलवलं, म्हणजे बॉल जॉइंट (चाकाजवळचा गोल सांधा) आणि बेअरिंग तपासलं. मग डावी-उजवीकडून, म्हणजे टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा चाकाकडचा सांधा). कुठेच खेळ नाही. गाडी खाली घेतली. लेकाला स्टिअरिंग फिरवायला सांगितलं आणि मी चाकाच्या कमानीतून हात घालून स्प्रिंगवर बोटं नुसती टेकवली (वेटोळ्यांच्या मध्ये नाही, बोटं दहाच आहेत). स्प्रिंगच्या वरचं बेअरिंग जाम असेल तर स्प्रिंग पिळ घेते आणि मग टण्णकन उसळते. आमची गुमान फिरत होती.

आता खरी परीक्षा. लेक बॉनेट दाबणार, मी आडवी होऊन ऐकणार. मी पाच मिनिटांत जाहीर केलं की आवाज उजवीकडून येतोय. आबा हसले. लोखंडातून आवाज कुठूनही कुठेही जातो, म्हणून कानापेक्षा हात बरा. लांब पेचकसाची मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची आणि टोक एकेका भागाला लावायचं, ही त्यांची डॉक्टरी. गाडी बंद असताना हे बिनधोक आहे. केलं. उजवीकडे कुजबुज, डावीकडच्या खालच्या आर्मवर (चाकाला गाडीशी जोडणारा दांडा) मात्र पेचकस दातात झिणझिणला. पण आर्मला दोन बुश (रबरी सांधे), एक बॉल जॉइंट, वर स्टॅबिलायझरची, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची लिंक, पलीकडे त्याच स्टॅबिलायझरच्या दांड्याला धरणारं अर्धगोल रबर. सगळी एकाच चाळीतली बिऱ्हाडं.

इथे आमचं भांडण झालं. आबांचा उपाय ठरलेला: "डिझेल मार, जळकं ऑइल मार, गप होतीय." एसटीच्या स्प्रिंगच्या पाट्यांना ते चालायचं. पोलादावर पोलाद घासतं, तिथे तेल लागतंच. पण आमच्या गाडीला खाली सगळं रबर, आणि रबराला डिझेल म्हणजे विष. धुलाईवाले गाडी चमकावी म्हणून खालून डिझेलचा फवारा मारतात, तोही मी याच कारणाने बंद केलाय. आबांना पटेना. मी शाळेत गणित शिकवते, म्हणजे बापाच्या दृष्टीने रबरातलं मला काय कळणार!

तेव्हा प्रयोग केला. जूनमध्ये बदललेल्या जुन्या लिंकची रबरी वॉशर डिकीत पडून होती. एक डिझेलच्या झाकणात बुडवली, एक कोरडी ठेवली. चार दिवसांनी काढली तर बुडवलेली फुगून मऊ झालेली, भजं पाण्यात पडावं तशी. तिच्याच स्टीलच्या वाटीत ती परत बसेना. आबांनी ती दोन बोटांत दाबून बघितली, कोरडी शेजारी ठेवून बघितली, मग उठून हात धुवायला गेले. त्या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही.

पण भागाचा शोध त्याआधीच, त्याच रविवारी लागला होता, आणि तो साध्या पाण्याने. कढीपत्त्यावर मारायची फवाऱ्याची बाटली घेतली. जून ते सप्टेंबर गाडी गप्प होती, हे मला गादीवर पडल्या पडल्या आठवलं होतं. साताऱ्याच्या पावसात चार महिने खालचं सगळं ओलं. कोरडं पडलं आणि चिमणी बोलायला लागली. म्हणजे कोरडं रबर घासतंय, आणि ओलं केलं की थोडा वेळ तरी ते गप्प बसणार.

एका वेळी एकच जागा ओली करायची, एवढाच नियम. सगळीकडे पाणी मारलं तर आवाज जातो पण चोर सापडत नाही. आधी लिंक: फवारा, दहा वेळा दाब, कुईं. मग अर्धगोल रबर: कुईं. (तिथे दोष निघाला असता तर सिलिकॉनचं ग्रीस चाललं असतं, ते रबराला खात नाही.) मग आर्मचा मागचा बुश: कुईं. लेक म्हणाला, "आई, माझे हात गेले." मग आर्मचा पुढचा बुश. फवारा. दाब. काही नाही. पुन्हा दाब. काही नाही. वरच्या मजल्यावर कोणीतरी शिट्टी लावली तेवढाच आवाज. वीस मिनिटांनी रबर सुकलं आणि चिमणी परतली.

आणि तरीही मला पटेना, कारण तो आर्म चार महिन्यांपूर्वीच नवा टाकलेला. नव्या सुनेवर पहिल्या महिन्यात चोरीचा आळ कोण घेणार? आबांनी एकच विचारलं, "बोल्ट आवळला तेव्हा चाक लोंबत होतं का जमिनीवर?"

लोंबत होतं. मी समोरच चहा पीत उभी होते.

झालं असं होतं. बुश म्हणजे आत एक पोलादी नळी, बाहेर एक, आणि मध्ये दोघींना चिकटवलेलं रबर. ते सरकत नाही, पिळलं जातं आणि सुटतं. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर घट्ट धरली जाते. आता गाडी हवेत असताना, आर्म खाली लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर तीच त्या रबराची आरामाची स्थिती ठरते. गाडी जमिनीवर आली की आर्म वर जातो आणि रबर कायमचं पिळात राहतं. उशी चुकीची घेऊन झोपावं आणि मान आयुष्यभर तशीच धरावी, तसं. डेपोच्या जीपच्या पाट्यांना रबरी बुश होते, त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्याशिवाय आवळायचे नाहीत, हे आबांना त्यांच्या उस्तादाने पाठीत धपाटा घालून शिकवलेलं.

पुढच्या रविवारी आबांच्या माळ्यावरचे सागाचे ठोकळे काढले, एकमेकांना खिळ्यांनी जोडून पायरी केली आणि पुढची दोन्ही चाकं त्यावर चढवली. म्हणजे खाली शिरायला जागा झाली आणि वजन चाकांवरच राहिलं. पान्याला पाइप लावून डाव्या आर्मचा बोल्ट ढिला केला. तो सुटला तेव्हा आतून "खट्" असा आवाज आला आणि आर्म जराशी थरथरली. आबा म्हणाले, "सोडला श्वास." उजवीकडेही तसंच खट्. तीही बाजू पिळातच होती, फक्त अजून बोलली नव्हती. लेकाने गाडी चार-पाच वेळा दाबली, मग पान्याने जमेल तेवढं घट्ट आवळलं आणि हळूहळू गॅरेजपर्यंत नेली. शेवटची आवळणी टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराला आवळायचा पाना), चाकं पाटावर टेकलेल्या लिफ्टवर, माझ्यासमोर करून घेतली. अलाइनमेंटही केलं. त्या मुलाला मी काही बोलले नाही. आबा बोलले, बराच वेळ, पण चहा पाजून.

डाव्या बुशच्या कडेला नखाएवढी चीर दिसते. दर महिन्याला टॉर्चने बघते. वाढली तर बदलेन.

परवा आबांना घेऊन यवतेश्वरचा घाट चढून कासला जाऊन आले. वाटेत आबा खिडकी उघडी ठेवून कान बाहेर काढून बसले होते. काही ऐकू आलं नाही, त्यामुळे थोडे हिरमुसलेच.

संध्याकाळी परतलो तर गेट बंद. काका आत खुर्चीत पेपर वाचत बसलेले. मी हॉर्न दिला तेव्हा दचकून उठले. "मॅडम, आवाज कुठे गेला? कळलंच नाही तुम्ही आलेल्या."