दुबई-शारजातला पाऊस आणि विमानांवरचा आळ

काल, १६ एप्रिल २०२४ ला, शारजात भरदुपारी अंधारून आलं. संध्याकाळी पार्किंगमधल्या गाड्यांचे नुसते टप दिसत होते. आज वीज नाही, लिफ्ट बंद. तळमजल्यावरचं केरळी कुटुंब आमच्याकडेच आहे. यूएईतल्याच अल ऐन शहराजवळच्या खत्म अल शकलाला २४ तासांच्या आत २५४ मिमी पाऊस झाला. १९४९ पासूनच्या नोंदींत एवढा कधीच नाही.

आणि गावाकडून एकच मेसेज: "कृत्रिम पाऊस पाडायला गेले, अंगाशी आलं ना?"

मला हे अजिबात पटत नाही. मी सोलापूरचा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचा कृत्रिम पावसाचा प्रयोग आमच्याकडेच झाला. विमानातून मिठाचे कण फवारून असलेल्या ढगातून थोडा जास्त पाऊस मिळवता येतो, नसलेला ढग तयार करता येत नाही. हे वादळ ओमानवरही कोसळलं, तिथे शाळकरी मुलं वाहून गेली हो! अंदाज तर काही दिवस आधीच आला होता. वादळात अशी विमानं उडवलीच नाहीत, असं इथल्या हवामान केंद्रानं सांगितलंय. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पाऊसही जास्त जोराचा होतो, पण त्यावर कुणी बोलत नाही. याचा मनापासून राग येतो.

शारजात कुणी अडकलं असेल तर इनबॉक्स करा. प्यायचं पाणी आणि जेवण आहे आमच्याकडे.