कचऱ्याचा विषय शिक्षकांच्या तासात बसवताना

पुण्यातील एका शाळेत सहावी-सातवीच्या शिक्षकांना कचरा कमी करण्याच्या कामात मदत करायची, असे ठरल्यावर मी जून महिन्यात सादरीकरण आणि भित्तिपत्रके घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. सर्वांनी शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी विज्ञानाच्या बाईंनी विचारले, "हे आम्ही कोणत्या तासाला घ्यायचे?" सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे, परीक्षा आणि तपासणी यांतून उरलेल्या वेळात अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या शिक्षकांचा हा प्रश्न अगदी रास्त होता, आणि माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते.

तरीही 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत सांगितल्याप्रमाणे कचरा वेगळा करता यावा म्हणून आम्ही वर्गावर्गांत ओल्या कचऱ्यासाठी हिरवे आणि सुक्यासाठी निळे डबे ठेवले. मुलांनी कचरा नीट वेगळा केला. आठवड्याने एका संध्याकाळी मी शाळेत थांबले, तेव्हा सफाई करणाऱ्या मावशी दोन्ही डबे एकाच गोणीत रिकामे करताना दिसल्या. त्यात त्यांचा काहीच दोष नव्हता. वेगळा केलेला कचरा पुढे कुठे ठेवायचा हे आम्ही ठरवलेच नव्हते आणि त्यांना एकाही बैठकीला बोलावले नव्हते. काही मुलांनीही हे पाहिले होते, आणि त्यांना समजावण्याची वेळ वर्गशिक्षिकेवर आली, याचे मला आजही वाईट वाटते.

त्यानंतर मी भित्तिपत्रके बाजूला ठेवली आणि मावशींसह सर्वांना एकत्र बसवले. गणिताच्या सरांनी सुचवले की, मुलांनी आठवडाभर कचरा वजन करून वहीत नोंदवावा, म्हणजे सरासरी आणि स्तंभालेख हे धडे त्याच आकड्यांवर शिकवता येतील. प्रयोगशाळेतील ताणकाटा आणि एक जुनी पिशवी एवढ्यावर काम सुरू झाले. विज्ञानाच्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले: वेगळा तास मागायचा नाही, जो तास आहे त्यातच हा विषय बसवायचा.

नोंदींतून सर्वांत ठळकपणे पुढे आली ती पोषण आहाराची उरलेली खिचडी. आमचे लक्ष तोवर कागद आणि प्लास्टिक यांवरच होते. ताटात एकदम भरपूर वाढण्याऐवजी आधी थोडे वाढायचे आणि मागेल त्याला मागेल तितके पुन्हा द्यायचे, एवढा बदल स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी मान्य केला. कोणीही मूल अर्धपोटी राहू नये म्हणून शिक्षक पहिले काही दिवस पंगतीत फिरून विचारत राहिले. खत करण्याआधी हेच करायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण जो कचरा झालाच नाही त्याची विल्हेवाट लावावी लागत नाही.

उरलेल्या अन्नाचे खत करण्याचा पहिला प्रयत्न मात्र फसला. पिंपात पाणी साचले, दुर्गंधी सुटली आणि अळ्या झाल्या. शिजवलेले अन्न ओले आणि दाट असते. त्यात हवा खेळली नाही की ते कुजून आंबते. मग पिंपाला बाजूने आणि तळाला भोके पाडली, अन्नाच्या प्रत्येक थरावर त्याच्या साधारण दुप्पट सुका पाचोळा घातला, ताकाचा हबका मारला आणि दर आठवड्याला ढीग वरखाली केला. मूठभर मिश्रण दाबल्यावर हाताला ओल लागावी, पण पाणी गळू नये, ही खूण मुलांनी चटकन आत्मसात केली.

सुक्या कचऱ्यासाठी आम्ही 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच मालकीच्या सहकारी संस्थेतील एका ताईंना वर्गात बोलावले. त्यांनी पांढरा कागद, रंगीत कागद आणि पुठ्ठा यांचे ढीग करून प्रत्येकाला वेगळा भाव का मिळतो हे सांगितले, आणि खिचडी लागलेला कागद कोणीच घेत नाही हेही दाखवले. वेफर्सच्या चकचकीत पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून भंगारवालाही ते नाकारतो, हे ऐकल्यावर मुले एकमेकांच्या खाऊच्या डब्यांकडे पाहू लागली.

मार्चमध्ये वर्गशिक्षिकांनी जुन्या वह्यांतील कोरी पाने काढून, शिवून कच्च्या कामाच्या वह्या करून घेतल्या. पुढील वर्षाचे नियोजन लिहिताना सरांनी कचऱ्याच्या वजनाचा आठवडा गणिताच्या रकान्यात स्वतःहून घातला, आणि मावशींनी गोण्या ठेवण्यासाठी जिन्याखालची कोरडी जागा मागून घेतली.