खरं बोल

आषाढातल्या एका बुधवारी माझ्या वर्गात दोन अक्षरी शब्दावरून पाऊण तास वाद झाला. त्याला आता दोन महिने होत आले, तरी तो वाद माझ्या डोक्यातून जात नाही.

मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका सरकारी मराठी शाळेत शिकवते. पाचवी, सहावी, सातवी मिळून २३ मुलं, सगळी एकाच खोलीत. परिपत्रक कन्नडमध्ये येतं, पुस्तक मराठीत असतं, नोंदी दोन्ही भाषांत ठेवायच्या. आमच्याकडचा पाऊस एकदा लागला की कौलांवरच्या आवाजात बोललेलं तिसऱ्या बाकापलीकडं जात नाही. म्हणून त्या दिवसांत प्रकट वाचन बंद आणि मूकवाचन सुरू. माझी उताऱ्यांची कार्डं तेव्हाच पेटीतून बाहेर येतात.

ही कार्डं मी स्वतः करते, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर. एका कार्डावर आठ ते दहा ओळी, त्याहून जास्त नाही. पुस्तकातला धडा तीन-चार पानांचा. शेवटाला पोचेपर्यंत मुलं सुरुवात विसरतात. मग प्रश्नातला एखादा शब्द धड्यात हुडकायचा, ती ओळ जशीच्या तशी वहीत उतरवायची, की झालं उत्तर. त्या उत्तराला पूर्ण गुण पडतात आणि पोराला काय कळलं ते कुणालाच कळत नाही. आठ ओळी मात्र एका नजरेत मावतात. त्यात लपायला जागा नसते, पोराला नाही आणि मलाही नाही.

एक कार्ड गोष्टीचं, एक माहितीचं, असं आलटून पालटून देते. मागं तीन प्रश्न. पहिल्याचं उत्तर एका ओळीत सापडतं. दुसऱ्यासाठी दोन ओळी जोडाव्या लागतात. तिसऱ्याचं उत्तर ओळींत लिहिलेलं नसतं, ओळींवरून काढावं लागतं. आणि एक नियम सगळ्यांना: उत्तर देताना बोट कार्डावर पाहिजे. कुठल्या शब्दावरून म्हणतोस, तिथं बोट ठेव.

माहितीचं माझं आवडतं कार्ड नद्यांचं. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, पूर्वेला वाहत नविलुतीर्थ धरणातून पुढं जाते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात जाते. म्हादईही आमच्याच तालुक्यातली, खरं ती पश्चिमेला गोव्यात उतरते, तिथं मांडवी होते आणि अरबी समुद्राला मिळते. तिसरा प्रश्न असा, की एका तालुक्यातलं पाणी दोन समुद्रांना कसं गेलं? पाचवीतली एक मुलगी, जिला गोष्टीच्या कार्डात काही सापडत नाही, ती पटकन म्हणाली, ‘मधी डोंगराचा कणा असणार, टीचर. आमच्या परड्यातबी पाणी दोन्हीकडं फुटतंय.’ कार्डावर डोंगराचा शब्दसुद्धा नाही.

दुसरं कार्ड भीमगडच्या रानातल्या बारापेडे गुहांचं. तिथल्या एका वटवाघळाची जात शास्त्रज्ञांनी १९१३ साली नोंदली, कितीतरी वर्षं ती जगात फक्त याच गुहांतून माहीत होती, पुढं मेघालयात आणि कंबोडियातही सापडली. प्रश्न: हे वटवाघूळ आज जगात फक्त इथंच आहे का? वीस जण लिहितात, ‘होय’. ‘फक्त’ दिसला की हात थांबतो, ‘पुढं’पर्यंत डोळा जातच नाही. पंधरा वर्षं मी हेच बघत आले आहे. पोरं मोठ्या शब्दांना अडत नाहीत, ते ती विचारून घेतात. अडतात ती ‘पण’, ‘तरी’, ‘म्हणून’, ‘फक्त’, ‘पुढं’ अशा बारक्या शब्दांना, आणि अडलेलं त्यांना समजतही नाही.

वरून तपासायला येतात ते मात्र घड्याळ लावून ऐकतात. एका मिनिटात किती शब्द वाचले, तेवढंच. जूनमध्ये असेच एक साहेब आले होते. सहावीतला एक मुलगा अडखळत वाचतो, प्रत्येक शब्दाला थांबतो. त्याचं नाव त्यांनी मागं पडलेल्यांच्या यादीत घातलं आणि मला ती यादी भिंतीला लावायला सांगितली. मी लावली. तेव्हाच नको म्हणायला पाहिजे होतं.

आता त्या बुधवारची गोष्ट. कार्ड नवीन होतं, आदल्या रात्री लिहिलेलं.

‘रात्री भाताच्या तरव्यात म्हैस शिरली. म्हैस कुणाची ते पोरानं पाहिलं होतं. सकाळी देवळात माणसं जमली. निघताना आजी म्हणाली, “सगळ्यांचं ऐकून घे, खरं बोल.” देवळात एकेक जण बोलत गेला. पोरगा खांबाला टेकून उभा होता. उन्हं डोक्यावर आली. पोरगा घरी परतला. आजीनं भाकरी वाढली, पण त्याच्याकडं पाहिलं नाही.’

दुसरा प्रश्न होता, आजीनं पोराला कोणत्या दोन गोष्टी सांगितल्या? माझ्या मनातलं उत्तर: सगळ्यांचं ऐकावं आणि खरं बोलावं. तिसरा, आजीनं त्याच्याकडं का पाहिलं नाही? उत्तर: तो खरं बोलला नाही म्हणून.

यादीतल्या त्या मुलाची वही आली. दुसऱ्या प्रश्नाला त्यानं लिहिलं होतं, ‘ऐकायचं खरं गप बसायचं नाही.’ तिसऱ्याला, ‘बोल म्हटलेलं तरी बोलला नाही.’ मी दुसऱ्यावर लाल रेघ मारली. मला वाटलं, कार्डातला ‘खरं’ उचलून त्यानं वाक्यात कुठंतरी ठेवून दिलाय. तिसऱ्याला अर्धा गुण दिला.

वही परत घेताना तो हलेना. एरवी हा पोरगा वर्गात तोंड उघडत नाही. म्हणाला, ‘टीचर, हे बरोबर हाय की.’

म्हटलं, ‘बोट ठेव.’

त्यानं बोट ठेवलं. रोपलावणीचे दिवस, नखाच्या कडेनं चिखल सुकून पांढरा झालेला. बोट ‘बोल’वर होतं, ‘खरं’वर नाही. म्हणाला, ‘त्यो खोटं कुठं बोललाय? बोललाच नाही न्हवं. सगळी बोलूलालेत, ह्यो एकटा गप. आजी सांगितलीय, ऐकून घे, खरं तू बोल.’

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्या भागात ‘खरं’ म्हणजे ‘पण’. ‘आलो असतो खरं बस चुकली.’ ‘जेवतो खरं थोडंच वाढ.’ सत्य या अर्थानं तो शब्द आम्ही वापरतोच, आणि ‘पण’ म्हणूनही वापरतो. माझं माहेर याच तालुक्यातलं. मी हाच शब्द बोलत वाढले. आजी माझी, तिच्या तोंडचं वाक्य माझं, आणि वही तपासताना मात्र मी तो शब्द पुस्तकातूनच वाचला.

मी सगळ्या वर्गाला थांबवलं. फळ्यावर ती ओळ लिहिली आणि कन्नडमधून विचारलं, ‘इथलं खरं म्हणजे निज की आदरे?’ निज म्हणजे सत्य, आदरे म्हणजे पण. कन्नडमध्ये हे दोन शब्द एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून पोरांना कुठल्या बाजूला उभं राहायचं ते चटकन ठरवता आलं. निजवाले चौदा, आदरेवाले नऊ.

मग जे झालं ते मला कुठल्याच प्रशिक्षणात बघायला मिळालं नव्हतं. सातवीतली सगळ्यात हुशार मुलगी उभी राहिली. तिनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘टीचर, इथं “पण” लिहिलंय. वरबी “पण”च पाहिजे होतं तर “पण”च लिहिलं असतं की. दोन वेगळे शब्द कशाला?’ मी हरखून गेले. एका शब्दाचा अर्थ लावायला तिनं त्याच उताऱ्यातला दुसरा शब्द साक्षीला आणला होता. इतकं चोख वाचन मी मोठ्या माणसांतही फार पाहिलेलं नाही.

सगळा वर्ग त्या मुलाकडं बघायला लागला. तो बराच वेळ कार्डाकडं बघत राहिला. मी मधे बोलले नाही. मग म्हणाला, ‘वरचं आजी बोलूलालीय. खालचं पुस्तक बोलूलालंय.’

एवढंच. आणि खाली बसला.

बोलणारं पात्र आणि सांगणारा निवेदक यांतला फरक शिकवायला मी डीएडला असताना आठवडाभर पाठ घेतले होते. या पोराला ती संज्ञा ठाऊक नाही. आजी घरातलं बोलते, पुस्तक पुस्तकातलं बोलतं, हे त्यानं कान लावून वाचलं होतं. एका मिनिटात तो तीस शब्दही वाचत नाही. एकेका शब्दापाशी थांबतो म्हणूनच त्याला ते ऐकू आलं असेल का, हा प्रश्न मला सोडत नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी गणिताच्या सरांना सांगितलं. सर कामाला चोख, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. म्हणाले, ‘बाई, तुम्ही या तालुक्यातल्या म्हणून तुम्हाला कळलं. दहावीचा पेपर तपासणारा कोण असणार? तो “खरं”वर लाल रेघच मारणार. पोराला “पण” लिहायला शिकवा, तेच त्याच्या उपयोगाचं.’ त्यांचं चुकत नाही. त्याच दुपारी मी फळ्यावर दोन रकाने केले, एक घरातला, एक पेपरातला, आणि ‘खरं’समोर ‘पण’ लिहिलं. त्या मुलानं ते वहीत नीट उतरवून घेतलं. उतरवताना त्यानं माझ्याकडं वर बघितलं नाही. मी त्याच्याकडून काही काढून घेतलं की त्याला काही दिलं, ते मला अजून ठरवता येत नाही.

दोन्ही उत्तरांना मी पूर्ण गुण दिले. निजवाल्यांचेही कापले नाहीत. मुलीनं विचारलं, ‘मग बरोबर कुठलं?’ मी सांगितलं की लिहिणारी मी आहे आणि लिहिताना माझ्या मनात निज होतं. तिचं समाधान झालं. त्याचं झालं नाही. ‘खरं आजीच्या मनात?’ असं तो पुटपुटला, आणि इथलं ‘खरं’ मी पहिल्या फटक्यात बरोबर वाचलं. भिंतीवरची यादी मी त्याच दिवशी काढली.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर कपाट उघडलं. मुलांच्या कामाची कृतिसंपुटं आम्हाला जपून ठेवावी लागतात, मागच्या वर्षांचीही बरीच शिल्लक होती. जमिनीवर बसून एकेक चाळत गेले. ‘पाऊस होता खरं आम्ही गेलो.’ ‘त्याला भूक लागली होती खरं भाकरी दिली नाही.’ प्रत्येक ठिकाणी ‘खरं’भोवती लाल गोल आणि वर माझ्या अक्षरात ‘पण’. अकरा गोल मोजले. एके ठिकाणी गोलाशेजारी लिहिलं होतं, ‘अर्थ समजून लिही’. ते ज्या मुलीचं होतं ती आता हायस्कूलला आहे, रोज सकाळी साडेआठच्या बसला थांब्यावर भेटते, आणि मला बघून चपला काढून नमस्कार करते.