एमजी टीडीचे बंपर आणि ‘उद्या या’

गाडी १९५१ सालची एमजी टीडी. काकांनी हौसेने वापरलेली आणि त्यांच्यानंतर आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या घराच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली पडून राहिलेली. इंजिन, वायरिंग, बॉडीचा लाकडी सांगाडा, रंग हे सगळं पार पडलं. त्यावर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण आत्ता नाही, कारण त्या कामांत मला कुणी छळलं नाही. छळलं ते बाहेरून लावायच्या चकचकीत भागांनी, त्यातही बंपरनी. खरं तर बिचाऱ्या बंपरचा काय दोष! ज्याच्याकडे ते क्रोम करायला दिले त्याने छळलं.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टीडी इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९४९ ते १९५३ या काळात बनली, जवळपास तीस हजार गाड्या. दोन माणसांची, उघडी, बाराशे पन्नास सीसीची. मडगार्ड सुटे, हेडलाइट सुटे, दारं उलटी, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. हिच्या आधीच्या टीसीला बंपर नव्हतेच. टीडीला पुढेमागे बंपर आणि त्यांवर ओव्हररायडर, म्हणजे ठोकर झेलणारे उभे तुकडे, आले. कंपनीने हा शहाणपणा केला नसता तर माझा एक अख्खा पावसाळा वाचला असता.

बाहेरचे भाग दोनदा बसवायचे असतात, हे आमच्या डेंटिंगवाल्या चाचांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. रंगाच्या आधी एकदा सुकं बसवायचं, सगळं जुळवायचं, फोटो काढायचे, मग खोलायचं आणि रंगानंतर पुन्हा लावायचं. टीडीला तर हे फारच लागू. हिचं बॉनेट मधोमध बिजागरी असलेलं, चार पत्र्यांचं, आणि ते टेकतं पुढे रेडिएटरच्या क्रोम कवचावर आणि मागे काचेखालच्या पत्र्यावर. कवच दोन-तीन मिलिमीटर पुढे झुकलं की बॉनेटचा एक कोपरा उचलला जातो. मग तुम्ही बॉनेट ठोकत बसता आणि दुखणं असतं चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, आणि बॉडी यांच्यामधल्या रबराच्या चकत्यांत. चाचांनी एक चकती काढली, एक पातळ घातली, कोपरा बसला. इतकंच. माझं काम टॉर्च धरायचं होतं.

मग क्रोमचा माल वेगळा केला: दोन बंपर, चार ओव्हररायडर, रेडिएटरचं कवच, हेडलाइटच्या रिंगा, काचेच्या फ्रेमचे ब्रॅकेट आणि दिसणाऱ्या जागचे बोल्ट. सगळं जमिनीवर चादर घालून मांडलं आणि शेजारी त्या दिवशीचं वर्तमानपत्र ठेवून फोटो काढला. बायको म्हणाली, अपहरण केल्यासारखं काय करतोयस? पुढे तोच फोटो कामी आला.

प्लेटिंगवाला वागळे इस्टेटमधला. नाव लिहीत नाही, कारण शेवटी काम त्याने चांगलं केलं, आणि ‘शेवटी’ हा शब्द किती लांब असतो ते आता सांगतो.

पहिल्या भेटीत शेठने बंपर हातात घेतला, नखाने खरवडला, म्हणाला, “लोखंड आहे, टेन्शन नाही. आठवड्यात देतो.” चलनावर लिहिलं ‘बंपर सेट १’. मी म्हटलं, नग लिहा. तो म्हणाला, साहेब, विश्वास नाही का? मी विश्वास दाखवला आणि फोनमधला फोटो त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवून दिला.

आठवड्याने गेलो.

“झाले का?”

“निकलला गेलेत. उद्या या.”

निकल म्हणजे क्रोमच्या खालचा थर. उद्या म्हणजे शुक्रवार. शुक्रवारी त्यांची सुट्टी. पुढच्या खेपेला नळ बनवणाऱ्या एका कंपनीचा मोठा लॉट टाकीत होता. त्याच्या पुढच्या खेपेला सांडपाण्याचा प्लांट बंद होता, मग बफिंगवाला, म्हणजे घासून चकाकी आणणारा, गावाला गेला होता, मग लाइट नव्हती. शेवटी मी शेठला न विचारता आत शिरलो. भिंतीला टेकवून, गोणपाटाखाली, माझे दोन्ही बंपर जसेच्या तसे उभे होते. पुढचा कुठला आणि मागचा कुठला हे कळावं म्हणून आतल्या बाजूला मी खडूने ‘पु’ आणि ‘मा’ लिहिलं होतं. तो खडूसुद्धा पुसलेला नव्हता. निकलच्या टाकीत जाऊन आलेल्या लोखंडावर खडू टिकतो हे मला नवीनच होतं.

शेठ अजिबात ओशाळला नाही. “साहेब, तुमचा एकच जॉब. नळवाला महिन्याला हजारो पीस देतो. तुमच्यासाठी टाकी थांबवू का?” हिशेबाने त्याचं बरोबर आहे, हेच जास्त डोक्यात जातं. सुट्या गिऱ्हाइकाचं काम लॉटच्या फटीत होतं. म्हणून आता कुणी विचारलं तर सांगतो, तारीख विचारू नका, लॉट कधी संपतोय ते विचारा. आणि शेठला नाही, टाकीवरच्या माणसाला विचारा. तो खरं सांगतो.

इथे क्रोमबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मला ते कळल्यावरच मी नीट भांडू शकलो. बंपरवर आपल्याला दिसते ती झळाळी बरीचशी निकलची असते. वरचा क्रोमचा थर मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) अर्ध्याच्या आसपास, त्याखाली निकल वीस-पंचवीस मायक्रॉन. क्रोम निकलला काळं पडू देत नाही आणि तो किंचित निळसर गारवा देतो. खड्डे भरायचं काम दोघांपैकी कुणीच करत नाही. ते काम तांब्याचं. आधी जुना मुलामा उतरवायचा, मग लोखंड घासायचं, तांबं चढवायचं, पुन्हा घासायचं, पुन्हा तांबं, खड्डा बुजेपर्यंत. मग निकल, मग शेवटी काही मिनिटं क्रोम. सगळा वेळ आणि सगळे पैसे तांब्यात आणि घासण्यात जातात, त्यामुळे चुकवाचुकवीही तिथेच होते.

तशीच झाली. अखेर माल मिळाला तो लांबून झगमगीत. पोर्चमध्ये आणून ट्यूबलाइटखाली धरला तर मागच्या बंपरवर डाव्या बाजूला बारीक खड्ड्यांची पुरळ, वर क्रोम, आत खड्डे शाबूत. काही ठिकाणी घासणीच्या तिरप्या रेघा. तांब्याला बगल देऊन सरळ निकल मारलं होतं. परत नेला. शेठ म्हणाला, “एवढं कोण बघतं? गाडी चालत असताना दिसतं का?” मी म्हटलं, ही गाडी चालण्यापेक्षा उभीच जास्त राहणार आहे. यावर तो हसला, आणि मला वाटतं काम तिथून फिरलं.

मी एकच अट घातली: तांब्यावर असताना मला बोलवायचं, मी बघितल्याशिवाय निकल नाही. क्रोमला काही देणार असाल तर ही अट आधीच घाला. फोन आला तेव्हा बंपर शेठकडे नव्हता, दोन गल्ल्या सोडून बफिंगच्या गाळ्यात होता. बफिंग बाहेर होतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. अर्ध्या ‘उद्यां’चा उगम तिथे होता. त्या गाळ्यात तीन माणसं, तोंडाला गमछा, डोळे सोडून सगळं काळं. मोटरला लावलेलं कापडी चाक फिरतंय, त्यावर साबणासारखी वडी टेकवायची आणि पाच किलोची पट्टी दोन्ही हातांनी त्यावर दाबून सरकवत न्यायची. जरा कोन चुकला की चाक पट्टी हिसकावून फेकतं. ते बघितल्यावर बफिंगवाल्यावरचा माझा राग गेला. शेठवरचा राहिला.

तांब्याचा बंपर गुलाबीसर दिसतो आणि त्यावर काही लपत नाही. नख फिरवलं की अडकतं तिथे खड्डा. मी मार्करने गोल केले, बफिंगवाल्याने मान डोलावली, दोन गोल त्याने स्वतः वाढवले. दुसऱ्यांदा जे आलं ते खरंच सुरेख होतं.

पण ओव्हररायडर तीनच. चलनावर ‘सेट १’. शेठ म्हणतो तीनच आले होते. मी फोटो दाखवला, वर्तमानपत्राच्या तारखेसकट, त्याच्याच व्हॉट्सॲपवरचा. चौथा नळांच्या पोत्यात सापडला.

आणि बोल्ट. शेठने आपणहून एक उपकार करून ठेवला होता: क्रोममुळे आटे भरले म्हणून सगळ्या बोल्टांवर ८ एमएमची आटे पाडायची डाय फिरवली होती. या गाडीच्या बॉडीचे आटे बीएसएफ, जुने ब्रिटिश. ५/१६ बीएसएफला इंचाला २२ आटे आणि ८ एमएमला वीसच्या थोडे वर. जाडी जवळपास सारखी, त्यामुळे नट दोन-तीन फेरे गोडीत जातो आणि मग रुततो. तिथे जोर लावला की बोल्ट गेला. (इंजिनात तर याहून गंमत: आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाच्या पान्याची. पण ते असो.) ते बोल्ट भंगारात टाकले, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जाऊन बीएसएफ शोधले आणि त्यांना क्रोमच केलं नाही, झिंकवर भागवलं. जुना बोल्ट नमुन्याला सोबत न्या. तोंडी मापावर दुकानदार हमखास ८ एमएम देतो.

बसवायचं काम त्या मानाने सुखाचं झालं. मडगार्ड आणि बॉडीच्या मध्ये जी बीडिंगची पट्टी येते तिला बोल्ट येईल तिथे व्ही आकाराचा काप द्यावा लागतो. मडगार्डचे सगळे बोल्ट आधी सैल लावायचे, पट्टी एकसारखी ओढून घ्यायची आणि मग मधून बाहेरच्या दिशेने आवळत जायचं. रंगाच्या कडांवर मास्किंग टेप दुहेरी. बंपर एकट्याने लावू नका, शेजारचा इंजिनीअरिंगचा मुलगा दुसरं टोक धरायला आला होता. तो म्हणाला, काका, लेव्हल जमिनीपासून मोजू. मी म्हटलं, आपल्या पोर्चला पाणी वाहून जायला उतार आहे, चासीपासून मोज. उतार असलेल्या पोर्चमध्ये सरळ लावलेला बंपर रस्त्यावर वाकडा दिसतो. बंपरच्या मागच्या बाजूला क्रोम नावापुरतंच चढतं आणि गंज तिथूनच येतो. खाडीच्या हवेत तर लवकरच. म्हणून आत झिंक प्रायमर आणि रंग मारूनच चढवले.

आधी सांगायचं राहिलं: जुना भाग कितीही सडलेला वाटला तरी टाकू नका. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेची व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. तपासणीच्या वेळी मूळ तुकडा समोर ठेवता आला तर बोलणं सोपं जातं. माझ्या खाटेखाली एक खोका आहे.

हबकॅप अजून काळवंडलेल्याच आहेत. पहिल्या टीडींची चाकं सपाट पत्र्याची होती, पुढे त्यांना भोकं आली, माझी भोकांची आहेत आणि मधली टोपी मळकी असली की चाक फारच गरीब दिसतं. त्या त्याच शेठकडे देणार आहे. टाकीवरच्या माणसाचा नंबर घेतलाय. तो म्हणाला, नळवाल्यांचा लॉट दिवाळीच्या आधी संपतो, त्या आठवड्यात आणा. चलनावर चार नग लिहून घेईन.