डीबगरची नोंदवही: ‘मार’ कमांडचं पान

मी स्वतःचा डीबगर लिहितोय, म्हणजे चालू प्रोग्रॅम अडवून त्यातल्या चुका शोधायचं टूल. मागच्या वेळी ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवायच्या खुणा) चालले म्हणून नाचलो होतो, या वेळी तेवढं भारी काही नाही. तीन रविवार गेले ते फक्त ‘मार’ या प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) बंद करणाऱ्या कमांडचं डॉक्युमेंटेशन लिहिण्यात. कमांड जेमतेम चाळीस ओळींची, पान तिच्यापेक्षा मोठं झालंय आणि अजून संपत नाहीये.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: मायक्रोसॉफ्टच्या डीबगिंग टूल्समध्ये किल.एक्सई नावाचं एक छोटं टूल आहे, त्याला पीआयडी (प्रोसेसचा नंबर) द्या नाहीतर नावाचा तुकडा आणि पुढे स्टार द्या, प्रोसेस सगळ्या थ्रेड्ससकट (तिच्या आत एकाच वेळी चालणारी कामं) खलास. /एफ लावलं की विचारत बसत नाही. माझं ‘मार’ म्हणजे त्याचीच नक्कल, फक्त माझ्या डीबगरच्या पोटात बसवलेली.

नक्कल करताना एक गोष्ट इमानदारीत उचलली होती, ती म्हणजे तुकडा प्रोसेसच्या नावाशी जुळवायचा तसाच विंडोच्या टायटलशीपण. मग मी ‘मार टेस्ट*’ टाकलं आणि टेस्ट प्रोग्रॅमबरोबर ‘टेस्ट नोंदी’ नावाची फाइल उघडी असलेलं नोटपॅडही गेलं, म्हणजे याच डॉक्युमेंटेशनचं दीड पान, सेव्ह न केलेलं! असं मारलं की प्रोग्रॅमला ‘सेव्ह करू का’ विचारायची संधीच मिळत नाही. म्हणूनच किलच्या माहितीत सांगितलंय की आधी टीलिस्टने (चालू प्रोसेसची यादी दाखवणारं टूल) बघा तुकडा कोणाकोणाला लागतोय. वाचलं होतं की मी, पण पाळतंय कोण. आता ‘मार’ आधी यादी दाखवतं.

खरी गंमत पुढे. पानावर मी लिहिलं होतं, ‘प्रोसेस ताबडतोब बंद होते.’ मामेभाऊ नाशिकच्या सातपूरला एका वर्कशॉपात मशीनवरचा डेटा पीसीत घ्यायचं बघतो, त्याला कॉलेज रोडवर चहा पिता पिता वाचायला दिलं तर म्हणे, “दादा, ताबडतोब म्हणजे किती?” म्हटलं हा काय प्रश्न झाला. घरी येऊन शोधलं तर टर्मिनेटप्रोसेस हे विंडोजचं प्रोसेस मारायचं फंक्शन काम सुरू करून लगेच परत येतं, प्रोसेस खरंच गेली का ते बघायचं तर तिच्या हँडलवर (प्रोसेसला धरायला विंडोजने दिलेली खूण) थांबावं लागतं. म्हणजे माझं टूल ‘मारली’ असं छापत होतं तेव्हा ती जिवंत असू शकत होती.

सोप्पं आहे म्हणून वेटफॉरसिंगलऑब्जेक्ट हे वाट बघायचं फंक्शन टाकलं, वेळ इन्फिनिट म्हणजे कितीही, आणि डीबगर जो गोठला तो गोठलाच. दोन रात्री गेल्या यात. प्रोसेस माझ्याच डीबगरला जोडलेली असते, त्यामुळे मरताना ती एक्झिटचा इव्हेंट (‘मी चालले’ अशी सूचना) पाठवते आणि मी कंटिन्यू (‘जा पुढे’) म्हणेपर्यंत थांबते, आणि मी त्याच थ्रेडमध्ये ती मरायची वाट बघत बसलोय. पहले आप पहले आप. आता मारल्यावर सरळ इव्हेंट लूपमध्ये (अशा सूचना एकामागून एक घेणारा कोड) परत जातो, एक्झिट प्रोसेसचा इव्हेंट आला, त्याला कंटिन्यू दिलं की मगच ‘मारली’ छापतो.

एक बारीकसं, पण पानावर ठळक टाकलंय: मेलेल्या प्रोसेसचं हँडल उघडं असताना तिला परत मारायला गेलात तर एरर ५ येते, ॲक्सेस डिनाइड. मी अर्धा तास ॲडमिन राइट्स तपासत बसलो होतो, ती बिचारी कधीच गेलेली.

भावाचा प्रश्न मात्र अजून पूर्ण सुटला नाहीये. त्याच्याकडे यूएसबी-सिरियल केबलवरून वाचणारा प्रोग्रॅम कधीकधी मारूनही यादीत तसाच राहतो. माझा अंदाज असा की ड्रायव्हरकडे (केबलशी बोलणारं सॉफ्टवेअर) अडकलेलं रीड, म्हणजे डेटा वाचायची मागणी, पूर्णही होत नाही आणि कॅन्सलही होत नाही, आणि ते सुटेपर्यंत विंडोज प्रोसेस पूर्ण काढू शकत नाही, तिथे /एफ काय नि माझं ‘मार’ काय, सारखंच. केबल उपटून बघ म्हटलं तर उत्तर आलं, “शिफ्ट चालू असताना कोण उपटू देईल?” सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप घेऊन जातोय. तोवर पानावर ‘ताबडतोब’ खोडून ‘बहुतेक वेळा लगेच’ केलंय.