आई गावाला आहे

सकाळी साडेदहाला एक गृहस्थ टोपलीत पिल्लू घेऊन दवाखान्यात आले, सोबत चौथीतला मुलगा. लॅब्राडोर, मादी, घरी येऊन सहा दिवस झालेले. टोपली टेबलावर ठेवता ठेवताच ते म्हणाले, "डॉक्टर, हिच्या शी-शूचं काहीतरी करा. पेपरवर ठेवली तर नुसती बसून राहते. उचलून गादीवर ठेवली की तिथे करते आणि त्यातच झोपते. मुद्दाम करते हो!"

"बाबा तिचं नाक घासतात त्यात," मुलगा खाली बघत म्हणाला.

पंधरा वर्षं पुण्यात प्रॅक्टिस करतेय. नाक घासण्याचं नेहमीच कानावर येतं आणि दर वेळी पोटात कालवतं. पण त्या दिवशी मला खटकलं ते 'त्यातच झोपते'. पिल्लू तीनेक आठवड्यांचं होऊन चालायला लागलं, की झोपायची जागा सोडून जरा लांब जाऊन शू करतं. हे कुणी शिकवावं लागत नाही. घरात आपण जे शिकवतो ते सगळं या एका सवयीवर उभं असतं. तीच मोडली असेल, तर पिल्लू आधी कुठे राहिलं ते शोधावं लागतं.

तिला उताणी केली. पंजे तळाशी पिवळे पडलेले, पोटाची कातडी ओल्यात बसून बसून लाल झालेली. हिरड्या फिकट. शी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर हुकवर्मची, म्हणजे आतड्यातलं रक्त पिणाऱ्या जंतांची अंडी. पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जिवावर उठणाऱ्या विषाणूची टेस्ट मात्र निगेटिव्ह आली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

लशीच्या कार्डावरच्या जन्मतारखेप्रमाणे ती ६४ दिवसांची होती. मी तोंड उघडून पाहिलं. सुळे आलेले, पण दुधाच्या दाढा जेमतेम हिरडी फोडून वर येत होत्या. ही फार तर सहा आठवड्यांची. म्हणजे आईपासून तोडली तेव्हा महिन्याच्या आसपास असणार! लशीच्या दोन नोंदी होत्या, पण ना बाटलीचं स्टिकर, ना डॉक्टरची सही. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही आणि राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणीशिवाय ब्रीडिंग करायचं नाही, असा नियम २०१७ पासून आहे.

"कुठून आणलीत?"

फोटो बघून पैसे पाठवले होते. पिल्लू हायवेवरच्या पेट्रोल पंपावर एका गाडीतून हातात दिलं.

"आत्ता फोन लावा. एवढंच विचारा, पिल्लाची आई बघायला मिळेल का."

त्यांनी स्पीकरवर लावला. मागे पाच-सहा पिल्लांचं केकाटणं ऐकू येत होतं.

"आई गावाला आहे, साहेब."

"कुठल्या गावाला?"

"पिल्लू आवडलं नाही का? बदलून देतो की."

बदलून! यांनी फोन बंद केला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हात पुढे करून तिच्या कानामागे खाजवलं.

"आम्ही काय बघायला हवं होतं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, की ब्रीडरच्या घरी जायचं. आई बघायची, ती माणसात मोकळी वावरते का बघायचं. पिल्लं झोपतात कुठे आणि शू कुठे करतात, त्या दोन जागा वेगळ्या आहेत का, हे तर बघायचंच. लॅब्राडोर असेल तर आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागायचे. चांगला ब्रीडर उलट तुमचीच चौकशी करतो, घरी दिवसभर कोण असतं, नाही जमलं तर पिल्लू मला परत द्याल ना, म्हणून.

मग जंतांचं औषध दिलं, पोटाला लावायला मलम दिलं आणि लशींच्या तारखा नव्याने लिहिल्या. गादी आणि पेपर या पिल्लाला सारखेच वाटत होते, म्हणून पायाखाली काहीतरी वेगळं लागावं हा माझा विचार. लस पूर्ण होईपर्यंत तिला रस्त्यावर न्यायची नव्हती. म्हणून बाल्कनीत ट्रे, ट्रेमध्ये कुंडीतली माती. उठली की, खाल्लं की, खेळणं थांबलं की उचलून तिथे ठेवायचं. रात्रीही दोनदा. केलं की त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ. घरात झालं तर गुपचूप पुसायचं. तेही नुसत्या फिनेलने नाही, त्याने आपल्यापुरता वास जातो, कुत्र्याला येतच राहतो. एन्झाइमचं क्लीनर वापरायचं. नाक घासणं आजपासून बंद. घासल्याने ती एवढंच शिकते, की माणसासमोर शू करायची नाही.

चौथ्या दिवशी सकाळी व्हिडिओ आला. ट्रेच्या कडेला उभी राहून ती मातीवर एक पाय ठेवते आणि मागे घेते, पुन्हा ठेवते. मुलगा श्वास रोखून कुजबुजतोय, "कर ना, कर ना." ती आत उतरते, नाक खाली घालून गोल फिरते आणि बसते. मग चौकटीत बाबांचा हात येतो, चिमटीत उकडलेल्या चिकनचा तुकडा.